ओच्या पायाशी बसलेला एच

या सदरातले अनुभव मी नेहमी दुपारच्या जेवणाबरोबर वाचते — लोणच्यासारखे, तोंडी लावायला. कोणाला विहिरीपाशी पांढरं काही दिसतं, कोणाच्या मागून पैंजण वाजतात... वाचायचं, हसायचं आणि ताट घासायला टाकायचं. विश्वास वगैरे कधीच नव्हता. मी प्रोग्रॅमर आहे. "मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं" हे वाक्य मला आठवड्यातून दोनचारदा तरी ऐकावं लागतं, आणि दर वेळी त्या माणसाने काहीतरी केलेलंच असतं. आज तेच वाक्य घेऊन मी तुमच्यासमोर आले आहे. मी काहीच केलं नाही, आपोआप झालं. हसा हवं तर, पण शेवटपर्यंत वाचा. मला अजूनही हे सांगताना धाप लागते, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मी वर्ध्याला राहते, नालवाडीत, वरच्या मजल्यावर. नोकरी पुण्याच्या कंपनीत, काम घरून. खिडकीत कूलर, कूलरसमोर टेबल, टेबलावर लॅपटॉप — मे महिन्यात माझं जग एवढंच असतं. नोकरीखेरीज एक फुकटचं काम मी अंगावर घेतलं आहे. आमच्या भागातल्या रक्तदात्यांचा एक छोटा गट आहे, त्यांची वेबसाइट मी सांभाळते. गट चालवतात भोयर काका. कचेरीतून रिटायर झाले आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला रक्तगट विचारत फिरतात. वेबसाइट बनवली होती एका इंजिनीअरिंगच्या मुलाने. तो बनवून परदेशी गेला आणि लोढणं माझ्या गळ्यात पडलं.

त्या दिवशी सकाळी वैशालीचा फोन आला. वैशाली माझी कॉलेजातली मैत्रीण, समुद्रपूरला शाळेत शिकवते. तिची धाकटी बहीण पूजा नववा महिना लागून वर्ध्याच्या एका दवाखान्यात भरती होती. वार खाली सरकलेली, सिझर करावंच लागणार, आणि त्यात रक्त खूप जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं.

"मने, तिचं रक्त कोनाशीच मॅच होऊन नाई राह्यलं," वैशाली म्हणाली. आवाज अगदी कोरडा होता तिचा. "सारे ओ-वाले आणून पाह्यले. मंग डॉक्टर म्हनले का हे ओ नाई, हे बॉम्बे ब्लड ग्रुप हाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी — हा फार दुर्मीळ गट. मुंबईत पहिल्यांदा सापडला म्हणून नाव बॉम्बे. साध्या तपासणीत तो ओ म्हणूनच निघतो, पण ओचं रक्त त्या माणसाला चालत नाही. फक्त बॉम्बेवाल्याचंच चालतं.

"तिच्या सासूनं तं आमच्या जावयाले मुंबईच्या गाडीचं तिकीट काढाले लावलं," वैशाली म्हणाली. "म्हने बॉम्बेचं रक्त बॉम्बेलेच भेटन ना, इथं काऊन शोधून राह्यले." एरवी आम्ही दोघी यावर लोटपोट झालो असतो. त्या दिवशी नाही झालो. नागपूरला विचारून झालं होतं, तिथे त्या घडीला शिल्लक नव्हतं. डॉक्टरांना संध्याकाळपर्यंत दोन पिशव्या हव्या होत्या. त्यापुढे पूजाला थांबवून ठेवणं त्यांना सुरक्षित वाटत नव्हतं.

मी भोयर काकांना फोन लावला. ते लगेच म्हणाले, "आहे नं आपल्याकडे एक. म्याच नोंदवलं. पन नाव नाई आठवत बेटा... तू शोध, मशीनमंदी असन."

आता मशीनमधली गंमत ऐका. या गटाचं चिन्ह लिहितात ते असं — मोठा ओ, आणि त्याच्या उजव्या पायाशी एक चिमुकला एच. त्या इंजिनीअर मुलाने फॉर्ममध्ये अगदी पुस्तकातल्यासारखं ते चिन्ह घातलं होतं. पण शोधायची जी खिडकी बनवली, तिच्यात अक्षरं आणि आकडे सोडून बाकी सगळं पुसून टाकायची सोय केली, म्हणजे कोणी वाकडंतिकडं काही घालू नये. त्यामुळे मी काहीही टाकलं तरी खिडकी म्हणायची — एकही दाता नाही.

मी सगळी माहिती फाइलमध्ये उतरवून घेतली. उघडते तर जिथे जिथे खास चिन्ह होतं तिथे रिकामा चौकोन! निगेटिव्हची वजाबाकीची रेघसुद्धा त्याने साधी घातली नव्हती, पुस्तकी घातली होती. म्हणजे ओ निगेटिव्हवालेही 'ओ-चौकोन' आणि बॉम्बेवालाही 'ओ-चौकोन'. शेदीडशे चौकोन, आणि त्यातला एक आपला. काकांना मी ती सगळी नावं पाठवली. ते एकेकाला फोन लावत सुटले. अर्धे उचलत नव्हते, आणि उचलले ते म्हणायचे, "आपला तं ओ निगेटिव्ह हाय काका."

मला हवा होता तो चिमुकल्या एचचा नंबर. कॉम्प्युटरच्या पोटात प्रत्येक चिन्हाला स्वतःचा एक नंबर असतो. तो मिळाला की फाइलीत त्याच्यावरच बोट ठेवता येतं. सोपं काम! पण चिन्ह शोधणं म्हणजे काय असतं ते आमच्या धंद्यातल्या लोकांना विचारा. आमचा अर्धा कारभार चिन्हांवर चालतो — कंस, टिंबं, टोप्या, तारे — आणि आमच्याच संदर्भाच्या साइटवर चिन्ह शोधायला जावं तर शोधयंत्र ते आधी झटकून टाकतं, चहातली मुंगी झटकावी तसं. दोन प्रश्नचिन्हं शोधली की ते म्हणतं, तुम्ही काहीच लिहिलेलं नाही.

मी 'सबस्क्रिप्ट' लिहून पाहिलं. खाली बसलेल्या अक्षराला इंग्रजीत तेच म्हणतात ना. पण प्रोग्रॅमिंगमध्ये त्याच शब्दाचा अर्थ भलताच, त्यामुळे पानंच्या पानं आली आणि एकातही एच नव्हता. एआयला विचारलं. त्याने मोठ्या रुबाबात नंबर दिला. टाकून पाहिला तर तो निघाला डोक्यावर बसणाऱ्या एचचा! मला पायाशी बसलेला हवा होता. दुसऱ्यांदा विचारलं, तर माफी मागून त्याने परत तोच दिला.

दुपार व्हायला आली. वैशालीचे मिस्ड कॉल पडलेले. मला एकदम भयंकर राग आला. एका बाईचा जीव एका बारीकशा अक्षरापाशी अडकलाय आणि जगातली सगळी यंत्रं मला डोक्यावरचा एच दाखवताहेत... समोर प्रोग्रॅमिंगच्या संदर्भाची एक साइट उघडी होती, परदेशातली, निव्वळ इंग्रजी. तिच्या शोधखिडकीत मी कीबोर्ड मराठीवर घेतला आणि मनात आलं ते तसंच्या तसं बडवलं —

ओच्या पायापाशी बसेल बाकरुला एच कुठी भेटन

आमच्याकडे बसलेला म्हणजे 'बसेल'. भांडताना आणि रडताना मी वऱ्हाडीवरच येते. लिहायचं होतं 'बारकुला', म्हणजे चिमुकला; घाईत अक्षरं उलटीपालटी झाली. एंटर मारलं. साइट म्हणाली, काही सापडलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले, माठातलं पाणी घेतलं, पेला तोंडाला लावला — आणि आत फोन वाजला.

अनोळखी नंबर.

"हॅलो ताई, मी देवळीहून प्रशांत बोलून राह्यलो. आत्ता तुमचा मेसेज आला ना."

"कोणता मेसेज?"

"एचचा. ओच्या पायापाशी बसेल. तो मीच होय ताई. माह्यावाला तोच ग्रुप हाय."

मला वाटलं काकांचा फोन लागला शेवटी. मी आनंदाने ओरडलेच जवळजवळ, "भोयर काकांनी दिला ना तुम्हाला माझा नंबर?"

"कोन भोयर काका? तुमच्याच नंबरवरून मेसेज आला, त्याच्यावरच मी फोन लावला. पह्यले वाटलं कोनी मजाक करून राह्यलं. मंग म्हनलं, ओच्या पायापाशी एच असते हे कोनाले माहीत राहीन? ...पन ताई, एक समजलं नाई. बाकरुला म्हंजे काय?"

मी हातात पेला धरून टेबलापाशी आले. शोधखिडकीत माझी ओळ अजून तशीच होती. बाकरुला. मी पेला टेबलावर ठेवला.

"मला तो मेसेज वाचून दाखवता का?" मी म्हटलं. त्याने दाखवला. अक्षर न् अक्षर तेच. तोच 'बसेल', तोच 'भेटन', आणि मध्ये तो 'बाकरुला'.

तुम्ही म्हणाल, घाबरली असशील. शपथेवर सांगते, भीती नावालाही वाटली नाही. वाटला तो आनंदच! कसा आला, कुठून आला, नंतर बघू... माणूस आला ना! मी विचारलं, "तुम्हाला खात्री आहे का गटाची?" तर तो एवढंच म्हणाला, "घरात एक झालं होतं, तवा तपासला. पक्का हाय. कुठी यायचं ते सांगा." त्याचं देवळीला हार्डवेअरचं दुकान. दुकान बायकोवर टाकून तो तसाच मोटरसायकलवर निघाला. त्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून.

मी लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि स्कूटी काढली. दवाखान्याच्या पायरीवर वैशाली उभी होती. तिला म्हटलं, "सापडला." तिने काही न विचारता माझा दंड असा धरला की संध्याकाळी तिथे वळ होते. प्रशांत आला — पस्तिशीचा, काळासावळा, घामाने शर्ट चिकटलेला. आत नेऊन तपासलं. लॅबमधल्या मॅडम बाहेर आल्या त्या हसतच आल्या. जुळलं होतं.

एक पिशवी झाली. हवी होती दुसरी, आणि एका माणसाची एका वेळी एकच घेतात.

कॉरिडॉरमधल्या खुर्चीत बसून मी पुन्हा लॅपटॉप उघडला. आता अंगात वारं शिरल्यासारखं झालं होतं. आणि काय सांगू, साधी गोष्ट डोक्यात आली, जी सकाळीच यायला हवी होती. चिन्हाचा नंबर कशाला शोधायचा? रक्तगटाच्या रकान्यातून मला ओळखू येतं ते सगळं काढून टाकायचं, राहील तो आपला. ए, बी, ओ काढले. अधिक काढलं. वजाबाकीची पुस्तकी रेघ काढली, तिचा नंबर मिळत होता. शेदीडशे चौकोन भराभर गळाले आणि खाली एकच उरला. एकच ओळ! पुलगावच्या एक शिक्षिका. फोन दुसऱ्या रिंगला उचलला.

"कधी पायजे?" त्यांनी विचारलं.

"आत्ता," मी म्हटलं.

"मंग फोन ठेवा, मले निघू द्या."

भाच्याच्या गाडीतून त्या आल्या. भोयर काकाही येऊन बसले होते. पुलगावच्या या मॅडम दिसल्या तसे उठून उभे राहिले, "ह्याच त्या, ह्याच!" म्हणत. दिवेलागणीच्या आधी पूजाला आत नेलं. दोन्ही पिशव्या लागल्या. दोन्ही पुरल्या. मुलगी झाली, आणि तिचा रक्तगट निघाला साधासुधा बी पॉझिटिव्ह. सासूबाईंनी दोनदा विचारून खात्री केली, "बॉम्बेचा नाई ना?" आणि मग कॉरिडॉरभर आम्ही सगळे जे हसलो, ते हसता हसता वैशाली रडायलाच लागली.

आता राहिला मेसेज.

माझ्या फोनमध्ये पाठवलेल्यांत तो नाही. त्याच्या फोनमध्ये आहे, माझ्याच नंबरवरून आलेला, मी डोळ्यांनी पाहिला आणि फोटो काढून ठेवला. लॅपटॉपच्या इतिहासात एंटर मारल्याची वेळ आणि त्याच्या फोनवर मेसेज आल्याची वेळ एकच. फोन कंपनीकडे विचारलं. त्या दिवशी माझ्या नंबरवरून एकही मेसेज गेल्याची त्यांच्याकडे नोंद नाही. आमच्या वेबसाइटला मेसेज पाठवायची सोय कधीकाळी होती, ती मी स्वतः बंद केली होती, आणि ती चालू असती तरी मेसेज माझ्या खाजगी नंबरवरून गेला नसता. शिवाय मी लिहिलं होतं ते आमच्या वेबसाइटवर नाहीच, भलत्याच साइटवर!

आणि खरी मेख पुढे आहे. फोन आला तेव्हा मला वाटलं होतं की काका म्हणत होते तो दाता म्हणजे प्रशांतच. पण काकांनी नोंदवल्या होत्या त्या पुलगावच्या मॅडम. प्रशांत आमच्याकडे नव्हताच. सगळी फाइल चाळली, त्याचं नाव नाही, नंबर नाही. काकांनी त्याला जन्मात पाहिलेलं नाही. नंबर तर त्याने नुकताच नवा घेतलेला, तो दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही अजून पाठ नव्हता. म्हणजे फाइलीत एकच माणूस होता आणि पूजाला दोन हवे होते.

पुण्यात माझ्या टीममध्ये नेटवर्कचा एक पक्का माणूस आहे, देवालाही पुरावा मागणारा. त्याला सगळं दाखवलं. त्याने दोन दिवस डोकं खाजवलं. व्हायरस, फोन हॅक, लॅपटॉप आणि फोनची जोडणी... एकेक शक्यता घेऊन आला आणि एकेक स्वतःच खोडून गेला. शेवटी म्हणाला, "हे तू कोणाला सांगू नकोस, तुला प्रमोशन मिळायचं आहे." तेव्हा प्रमोशनचं काय व्हायचं ते होवो, मी सांगून टाकलं. वाचणाऱ्यांत कोणी या विषयातलं असेल तर जरूर कळवा.

बारशाला समुद्रपूरला सगळेच जमलो होतो. पुलगावच्या मॅडम आल्या, काका आले, प्रशांत बायकोला घेऊन आला. बाळाला मांडीवर घेऊन तो बसला होता. मी आपली माझ्या नादात — फोटो काढलेला मेसेज दाखवत, शक्यता मोजत, आता पुढे कुठे चौकशी करायची ते सांगत होते. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "ताई, माह्या भावाचा अपघात झालता. परराज्यात, रस्त्यावर. त्याले रक्त पायजे होतं, अन् कोनाचंच चालत नव्हतं. मी त्याच्या उशाशी बसून होतो. पूरा दिवस. म्या एकडाव म्हनलं, माह्यं घ्या, तं सोबतचे म्हनले, तुह्यं वेगळं असन, राहू दे. मी राहू देलं. तो गेल्यावर मले तपासाची बुद्धी झाली."

मी फोनवरचा मेसेजचा फोटो बंद केला. त्याने बाळाच्या मुठीत आपलं बोट दिलं.

"तुम्ही शोधा, कोन पाठवलं ते. शोधाले काही हरकत नाई. मले पन नाई मालूम. पन मले त्या दिवशी कोनीतरी विचारलं ना ताई... मंग मी राहू नाई देलं."